पिवळेही सरकतायत

मी दातांचा डॉक्टर. आमच्या घरात विज्ञान बायकोकडे आणि कुरकुर माझ्याकडे, अशी जुनी वाटणी आहे. बत्तीस वर्षं ही बाई कॉम्प्युटरवर एकच गोष्ट शोधतेय: बॅटरीतल्या पातळ द्रावणाऐवजी घालता येईल असा घन पदार्थ, ज्यातून लिथियमचे आयन सहज धावतील. किती पदार्थ तिनं तपासले आणि निकालात काढले, ते मोजणं मी केव्हाच सोडलं. आणि निवृत्तीला आठवडा उरलेला असताना एक सापडला.

सोमवारी तिचं निरोपाचं भाषण होतं. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, जेवणाची ताटं बाजूला सारून तिनं लॅपटॉपवर त्या पदार्थाची फिल्म लावली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मला आपलं काम दाखवलं.

"हे हिरवे ठिपके म्हणजे लिथियम. बघ कसे पुढे सरकतायत! पिवळे म्हणजे गंधक, तो सांगाडा. तो जागचा हलत नाही."

लग्नातसुद्धा तिचा चेहरा इतका खुलला नव्हता. मी तिथं होतो, मला माहीत आहे.

मी बघितलं. पुन्हा बघितलं. तोंड बंद ठेवावं असं मनापासून वाटलं. पण माझा जन्म लोकांच्या तोंडात बघण्यात गेलाय. दात हलतोय की पेशंटच मान हलवतोय, हे मला झोपेतही कळतं.

"अगं, पिवळेही सरकतायत. हिरव्यांच्याच बरोबरीनं, सगळे एकाच दिशेनं."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. पण सरकतायत."

तिनं फिल्म मागे नेली आणि एका पिवळ्या ठिपक्यावर बोट धरलं. बोट तिथंच राहिलं, ठिपका पुढे गेला. ती लॅपटॉप घेऊन आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मी स्वतःला शिव्या घातल्या. एक दिवस गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

संध्याकाळी दार उघडलं.

"अख्खा स्फटिकच एका बाजूला सरकत होता," ती म्हणाली. "ते सरकणं वजा करायचं राहून गेलं. केलं, तर आयन जागच्या जागी बसलेत. एकूण एक."

"तुझ्या विद्यार्थिनीनं केलं होतं ना गणित?"

"तपासायला हवं होतं मी." तिनं लॅपटॉप मिटला. "रिकाम्या हातानंच जायचं रे आता."

मी तिला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मी मागच्या रांगेत अंग चोरून बसलो. तिनं ती फिल्म दाखवलीच. लोक टाळ्या वाजवणार, इतक्यात म्हणाली, "थांबा. पिवळ्यांकडे बघा." मग सगळा घोळ सांगितला, चूक स्वतःच्या अंगावर घेऊन. मान खाली घालून बसलेल्या विद्यार्थिनीनं हळूच वर बघितलं.

"बाई, पकडली कुणी ही चूक?" एका प्राध्यापकांनी विचारलं.

"माझ्या नवऱ्यानं. त्याला यातलं काही कळत नाही." हशा पिकला. ती हसली नाही; मागच्या रांगेत मला शोधत होती. "म्हणून बत्तीस वर्षं मी त्याला काही दाखवलंच नाही. माझी खरी चूक ती. उद्यापासून रोज दाखवणार आहे."

मी चष्मा पुसायला लागलो. शेजारच्या गृहस्थांनी न विचारताच रुमाल पुढे केला.