गफूर मिस्त्रीच्या पायऱ्या

दिंद्रुडला उजाडते ते आधी भिंतींवर. पूर्वेला नुसती राखाडी रेघ असते, आणि तरीही पांढऱ्या मातीने सारवलेली भिंत आतूनच उजळू लागल्यासारखी दिसते. मग तो उजेड सावकाश खाली उतरतो. देवळीतल्या काजळीवर रेंगाळतो, गोठ्याच्या कुडातून पट्ट्यापट्ट्यांनी आत जाऊन गाईच्या पाठीवर पडतो. तुराट्यांचा भारा, पालथी घागर, दवाने काळी पडलेली अंगणातली माती, काहीच न निवडता आणि काहीच न वगळता तो पसरत जातो. आसाराम ओट्यावर बसून रोज हे पाहत असे. त्या उजेडात विशेष काही नव्हते, आणि म्हणूनच त्याला त्याची धास्ती वाटे. तीन वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ शहादेव घरातून शेवटचा बाहेर पडला, त्या सकाळीही तो असाच, इतकाच साधा होता.

आज तो उजेड सरकत सरकत बंकटच्या भेगाळलेल्या पावलांपर्यंत आला. बंकट तांबडे फुटायच्या आधीपासून अंगणात येऊन बसला होता.

"पाटलाचा सांगावा आलाय," तो म्हणाला. "आडाचा गाळ काढायचा. आसारामानं वरून बघायचं, दोर बंकट सोडून कुणी बी धरायचा."

"ऐकलंय."

"बंकट का न्हाई, ते बी ऐकलं असंल."

आसारामने उठून पालथी घागर सरळ ठेवली.

"शहादेवचा दोर माझ्या हातात व्हता, त्याला तीन साल झाले बे. पोराच्या बारशाला गेलो, तर पाळण्याची दोरी हातातून काढून घेतली. म्हणले, राहू दे बाबा, तुला डुलकी लागायची." बंकट हसला, पण ते हसू ओठांच्या कडेलाच मेले. "आज आडावर तू एक शबूद बोल. बंकट झोपला न्हवता, एवढाच."

"मी कसं सांगू? मी तर दगडावर बसून पान लावत व्हतो."

"मग तुझ्या मिस्त्रीच्या पायऱ्या म्हण. माझ्या म्होरं म्हण. कुठल्या पायरीला माझा हात चुकला ते दाव, मी उठून जातो."

निजामाच्या तामीरात, म्हणजे बांधकाम, खात्याने सिंदफणेवर पूल बांधायला घेतला, तेव्हा आसाराम तिथे दोन हंगाम गफूर मिस्त्रीच्या हाताखाली होता. म्हाताऱ्याने त्याला दगड घडवायला शिकवले नाही. विचार पायरीपायरीने कसा करायचा ते शिकवले. काय झाले ते आधी सांग, का झाले ते मागाहून. शेवटी धड कधी होते ते आठव, आणि त्यानंतर काय बदलले ते शोध. एका वेळी एकाच गोष्टीला हात लाव. "उतावळा हाथ दुश्मन का हाथ, आसाराम," असे म्हणून तो बिडी विझवी आणि पुन्हा पहिल्या पायरीवर येई. त्या पायऱ्यांनी आसारामने मोटेचे कुरकुरते चाक नीट केले, गाय आटली तेव्हा चाऱ्यातले विषारी तण शोधले, विहिरी साफ करून दिल्या. गावात चेष्टा चाले, आसारामला ठेच लागली तर तो आधी दगडाला विचारील, तू काल कुठे होतास.

शहादेव गेल्यापासून मात्र तो रोज सकाळी एकाच गोष्टीसाठी त्या पायऱ्या चढत असे. गोठ्याच्या उंबऱ्याशी त्याला शहादेव बसलेला दिसे, कमरेपर्यंत गाळाने माखलेला. तो काही विचारत नसे. नुसता ऐकत असे. दोर शाबूत, गाठ शाबूत, चाक शाबूत, असे करत आसाराम दर वेळी बंकटपाशी पोचे आणि थांबे. शहादेव मात्र उठून जात नसे.

"म्हण की," बंकट म्हणाला.

आसारामने घसा खाकरला. "शहादेव आडात उतरला. जेवणानंतर चार-दोन घमेली वर आली. मग दोर हलंना. वर वढला तवा त्यो गेलता."

"बरं. धड कवा व्हता?"

"जेवताना. हसत व्हता."

"मग?"

"दोर तपासला. गाठ तपासली."

"हवा?"

"दिवा सोडला व्हता की," आसाराम चटकन म्हणाला. "तळापस्तोर गेला. जळत व्हता, म्हंजी हवा धड. तू बी पाहिलास."

"पाहिला. सकाळी पाहिला," बंकट म्हणाला. त्याच्या बोलण्यात कावा नव्हता. विहिरीतल्या हवेचे शास्त्र त्याला ठाऊक नव्हते, दिव्याचे काम आसारामचे होते. "मग राहिलो मीच."

गोठ्यात धारेचा आवाज थांबला. आत वत्सलाबाई होती, शहादेवची बायको. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलायचे नसते. या घरात ती आसारामला दादा म्हणायची, पण जे बोलायची ते गाईला सांगायची आणि तो ते ऐकायचा.

"गाये," ती म्हणाली, "त्या दिशी मी भाकरी घेऊन गेलते. माघारी येताना दादांनी आडात सोडायचा कंदील माझ्या टोपल्यात ठिवला. काच काळी झाली, राख लावून पूस म्हणले. मी घरी काच पुसत बसलते, तवाच बोंब उठली." तिने गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "मला त्यातलं काय कळतंय, गाये? पर ती काच मी अजून पुसतीच हाय."

पुन्हा धार सुरू झाली. बंकटने एकदा गोठ्याकडे, एकदा आसारामकडे पाहिले आणि धोतर झटकून उठला. त्याला काही उमगले की नाही, ते आसारामला कळले नाही. खरे तर कोणालाच उमगण्याचे कारण नव्हते. गाळ हलला की त्याखाली कोंडलेली हवा वर येते, सकाळी शुद्ध असलेला आड दुपारी माणूस खातो, म्हणून प्रत्येक उतरणीला नवा दिवा, ही पायरी त्या साऱ्या पंचक्रोशीत गफूर मिस्त्रीला ठाऊक होती आणि आसारामला. मिस्त्री तर कधीच मातीत गेला होता.

आडावर माणसे जमली होती. आसारामने दिवा सोडला. ज्योत तळाच्या काळोखात एका पिवळ्या बीसारखी स्थिर राहिली. त्याने तो वर घेतला आणि दोराचे टोक उचलून बंकटच्या हातात दिले.

"ए, त्याला न्हाई," विठ्ठलराव पाटील म्हणाले. "सांगितलं व्हतं ना?"

"घोरत्याच्या हाती पाळणा," गर्दीतून कोणीतरी म्हणाले, आणि दोघे-तिघे हसले.

बंकटने दोर खाली ठेवायला सुरुवात केली. असे बोलणे ऐकून घेण्याचा त्याला इतका सराव झाला होता, की चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आसारामने मान वळवली. बायकांच्या घोळक्यात वत्सलाबाई उभी होती. पदर कपाळावरून मागे सरला होता आणि आज पहिल्यांदाच ती सरळ त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"पाटील," तो म्हणाला, "बंकट जागा व्हता. दोर हलंना तसा त्यानं वढला. त्या आधीच शहादेव गेलता, हवेनं."

"हवा तर तूच बघितलीस म्हणला व्हतास. माझ्या म्होरं म्हणला व्हतास."

"सकाळी बघितली."

"मग?"

ऊन आता आडाच्या काठावर पुरते आले होते.

"दुपारी शहादेव उतरला," आसाराम म्हणाला, "तवा म्या दिवा सोडला न्हवता."