टेपवर न उमटलेली पाच उत्तरं

या, थोडं पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलं की ऐकणाऱ्याचा डोळा लागतो आणि सांगणाऱ्याचा धागा तुटतो. एक गोष्ट सांगायची आहे. पूर्वरंग लांबवत नाही, आख्यानच आटोपशीर आहे. त्यात कोणी राजा नाही, राक्षस नाही. एक मास्तरीण आहे, एक पोर आहे आणि एक तोंडी परीक्षा आहे. एवढ्यावरही गोष्ट उभी राहते, बघा.

ब्रिस्बेनच्या दक्षिण अंगाला एक संस्था होती. परदेशातून शिकायला आलेल्या मुलांना कॉलेजात जाण्याआधी तिथे वीस आठवडे इंग्रजी पाजलं जायचं. पाजलं हाच शब्द खरा. रोज पाच तास, शिवाय घरचा अभ्यास, आणि हजेरी कमी पडली की थेट व्हिसाच्या कचेरीला पत्र. नेरिडा पॅस्को तिथे सव्वीस वर्षं शिकवत होती. वय अठ्ठावन्न. आवाज खणखणीत, गुडघे कुरकुरणारे. शेवटची पाच वर्षं तिच्या वाट्याला प्रशांत महासागरातल्या किरिबाती बेटांवरच्या मुली यायच्या. त्यांच्या बेटांवरचं एक चर्च त्यांना नर्सिंगसाठी पाठवायचं. दर वर्षी सहा-सात जणी, सगळ्या एका रांगेत बसणाऱ्या, सगळ्या सुरात गाणाऱ्या आणि प्रश्नाला उत्तर द्यायला तोंड उघडण्याची फारशी गरज न मानणाऱ्या.

कारण त्या बेटांवर ‘हो’ म्हणायचं तर भुवया उचलायच्या. झालं. त्याला पुन्हा शब्द जोडणं म्हणजे जेवण झाल्यावर जेवलो म्हणून दवंडी पिटणं. पहिल्या वर्षी नेरिडाने याबद्दल पुष्कळ डोकेफोड केली. दुसऱ्या वर्षी थोडी कमी केली. पाचव्या वर्षी “लिहून झालं का?” असं विचारून ती सात जोड्या भुवयांवरून नजर फिरवायची आणि फळा पुसायला घ्यायची. एकदा बेकरीतल्या मुलीने पाव कापून देऊ का म्हणून विचारलं, तेव्हा नेरिडाने भुवया उचलल्या आणि ती मुलगी तीनदा तेच का विचारतेय याचं तिला नवल वाटलं. म्हणजे शिकवायला गेली ती आणि शिकून आलीही तीच.

त्या वर्षीच्या मुलींत तेबोरा होती. एकोणीस वर्षांची, अबयांग बेटावरची. तिचा बाप माडावर चढून माडी काढायचा. तिच्याबरोबर रूतामावशी होती, सेहेचाळीस वर्षांची, तीही विद्यार्थिनीच. पण सगळ्या पोरींची न्हाणंधुणं, रडणंपडणं आणि चर्चला जाणं तिच्याच नजरेखाली चालायचं. नर्सिंगला जागा मिळायला तोंडी परीक्षेत सहा गुण लागत. सहा पडले नाहीत तर जागा गेली, जागा गेली की व्हिसा गेला, आणि मग अबयांगला परत. चर्च दुसऱ्यांदा कोणाला पाठवत नसे.

तोंडी परीक्षा बंद खोलीत होई. समोर परीक्षक, मध्ये रेकॉर्डर. परीक्षक गुण देई आणि मग ते रेकॉर्डिंग शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणी अनोळखी माणूस ऐके आणि आपले गुण देई. दोघांत फार अंतर पडलं तर तिसरा ऐके आणि तिसऱ्याचा शब्द अखेरचा. आपल्याच वर्गाची परीक्षा घ्यायची नाही असा दंडक होता. पण त्या दिवशी एक परीक्षक तापाने पडला आणि तेबोराचं नाव नेरिडाच्या यादीत आलं. वरून परवानगीही आली.

नेरिडाने साडेसहा दिले. तेबोरा त्या दिवशी छान बोलली होती. माडी काढणारा झाडाच्या शेंड्यावर बसून मोठ्याने गातो, आणि गाणं ऐकू येतंय तोवर खाली घरच्यांना घोर नसतो, हे तिने दोन मिनिटं न अडखळता सांगितलं.

बुधवारी निकाल लागला. तेबोरा, तोंडी परीक्षा, साडेचार.

नेरिडाने शेरा वाचला. अकरापैकी पाच प्रश्नांना उत्तर नाही, असं दुसऱ्याने लिहिलं होतं. तिसऱ्याने तेच लिहून पुढे जोडलं होतं की परीक्षकाचं वागणं समजण्यापलीकडचं आहे. तिला वाटलं, यंत्र बिघडलं असणार. कानाला हेडफोन लावून ती ऐकत बसली. इथे घरच्यांची आठवण येते का, असं तिचाच आवाज विचारत होता. मग तीन सेकंद काहीच नाही. मग तिचाच आवाज, “हं, छान,” आणि पुढचा प्रश्न. सुरुवातीला इथे अवघड गेलं का? काही नाही. “हं, छान.” म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला आवडेल का? काही नाही, आणि या खेपेला छान जरा जास्तच मायेने म्हटलेलं.

यंत्र धडधाकट होतं. उत्तर ऐकू आलं नाही की वाचून दाखवायची म्हणून परीक्षकाच्या कार्डावर जाड अक्षरांत ओळ छापलेली असते: ‘उत्तर कृपया मोठ्याने सांगा.’ ती वाचायची राहिली होती. पाचही वेळा.

कोऑर्डिनेटर गॅव्हिन स्ट्राउड तिच्याहून वीस वर्षांनी लहान. त्याने ते ऐकलं आणि आधी त्याला हसूच आवरेना.

“कोणाला छान म्हणतेयस, नेरिडा? खुर्चीला?”

मग तिचा चेहरा बघून त्याने हसू गिळलं आणि नियम सांगितला. मुलीने अर्ज करायचा, शुक्रवारी तीनच्या आत. अर्जात परीक्षकाचं नाव, परीक्षकाची चूक आणि खाली मुलीची सही. परीक्षकाची चूक ठरली तरच परीक्षा पुन्हा. मुलीची स्वतःची चूक असेल तर नाही. नर्सिंगची यादी पुढच्या शुक्रवारी बंद होणार होती.

गुरुवारी नेरिडाने तेबोराला आणि रूतामावशीला बोलावून रेकॉर्डिंग ऐकवलं. तेबोरा आधी स्वतःच्या आवाजाला लाजली. मग पहिली शांतता आली.

“इथे मी हो म्हटलं होतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे मला. मी पाहिलं.”

“मग झालं तर. तुम्ही पाहिलंत.”

तेवढ्यावर भागत नाही, ही परीक्षा डोळ्यांची नाही, कानांची आहे, हे समजावता समजावता नेरिडाची दमछाक झाली. शेवटी तिने अर्ज पुढे सरकवला. तेबोराने तो बोट ठेवत वाचला. परीक्षकाचं नाव. परीक्षकाची चूक. तिथे बोट थांबलं. तिने पेन झाकण लावून टेबलावर ठेवलं, अगदी हळू, जणू ते कोणाचं तरी झोपलेलं मूल होतं.

नेरिडा म्हणाली, यात राग मानण्यासारखं काही नाही, चूक आहे ती आहे, लिही. तेबोरा खाली बघत राहिली. बोलली ती रूतामावशी.

“मिस, शिकवणाऱ्या बाईचं नाव आणि चूक हे दोन शब्द आमच्याकडे एका कागदावर लिहीत नाहीत. हिच्या बापाला कळलं तर तो माडावरून खालीच उतरायचा नाही.”

“आणि पोरगी परत गेली तर?”

“तर रडू. रडायची लाज नसते.”

नेरिडाने जोर केला, विनवलं, थोडी चिडलीसुद्धा. या मुलींवर चिडून उपयोग नसे. समोरचा चिडला की त्या आणखी अदबीने गप्प होत. विचार करते, एवढं बोलून तेबोरा अर्ज घेऊन गेली.

शुक्रवारी सकाळी अर्ज गॅव्हिनच्या ट्रेमध्ये होता, नीट भरलेला, सही केलेला. साडेअकराला तो नेरिडाला शोधत स्टाफरूममध्ये आला आणि कागद तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. चूक या रकान्यात तेबोराने लिहिलं होतं: ‘चूक माझी आहे. मी बोलले नाही. मिसनी सगळं बरोबर केलं. मी क्षमा मागते.’

“हा अर्ज नाही, कबुलीजबाब आहे,” गॅव्हिन म्हणाला. “यावर नामंजूर लिहिण्यावाचून मला गत्यंतर नाही.”

पण गॅव्हिन मनाने वाईट नव्हता. त्याने दुसरा कागद सोबत आणला होता. यंत्र बिघडल्याची नोंद. ती कर्मचाऱ्याने भरायची, मुलीची सही लागत नाही, परीक्षा पुन्हा होते, कोणाच्या नावाला बट्टा नाही. त्या रेकॉर्डिंगपाशी पुन्हा कोण बसणार आहे, असं त्याने विचारलं. यंत्राला कुठे आई आहे रडायला. आणि ऑक्टोबरात वरिष्ठ शिक्षकाच्या जागेची मुलाखत होती. त्या जागेला परीक्षकांच्या यादीत नाव असावं लागतं, हेही त्याने बोलता बोलता सांगितलं. ते नेरिडाला ठाऊक होतं. अर्ज तिने मे महिन्यातच टाकला होता.

तिने तो कागद घेतला. अर्धा तास घेऊन बसली. यंत्राचा नंबरही रकान्यात लिहिला. तिला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही; साक्षात्काराला माणूस निवांत लागतो आणि स्टाफरूममध्ये कोणीतरी मायक्रोवेव्हमध्ये मासळी गरम करत होतं. ती नुसती तेबोराचा कागद पुन्हा वाचत होती. चार वाक्यं. पोर बोलली नव्हती, हे खरं. चूक माझी, हेही तिच्या परीने खरंच. क्षमा मागत होती, तीही मनापासून. खोटं वाक्य एकच होतं, मिसनी सगळं बरोबर केलं, आणि स्वतःचं सगळं पुढचं शिक्षण पणाला लागलेलं असताना पोरीने ते वाक्य मिससाठी खर्चलं होतं. त्याच्या शेजारी यंत्राचा नंबर नेरिडाला फार हलका वाटायला लागला.

ती गॅव्हिनच्या खोलीत गेली आणि म्हणाली, परीक्षकाने स्वतःची चूक कळवायची तर त्याचा काहीतरी फॉर्म असेल ना.

“तो कोणी भरत नाही.”

“पण आहे ना?”

शोधावा लागला. नाताळच्या सजावटीच्या खोक्याखालच्या ड्रॉवरमध्ये सापडला, कडा पिवळ्या पडलेल्या. देताना गॅव्हिन म्हणाला, “दिलास की परत मागता येणार नाही, नेरिडा. यादीतून नाव जाईल ते जाईलच. त्या जागेचं तर विसरच.”

“पेन दे,” ती म्हणाली.

तीनला वीस मिनिटं असताना तिने तो दिला. लिहिलं त्यात शोभा काही नव्हती. विद्यार्थिनीने पाच प्रश्नांना भुवया उचलून होकार दिला, मी तो पाहिला, मला तो कळला, आणि रेकॉर्डरला तो कळत नाही हे मी विसरले. ओळ वाचली नाही. खाली सही.

परीक्षा पुढच्या गुरुवारी ठरली. तेबोराला नुसतं पत्र गेलं, परीक्षा पुन्हा होईल, एवढंच. का होईल ते त्यात नव्हतं. रूतामावशीने मात्र चौकशी न करताच ताडलं आणि तोंड मिटून पोरीला हातात घेतलं. शनिवारपासून रोज तिने तेबोराच्या कपाळाला डोळ्यांपर्यंत फडकं आवळून बांधलं आणि भांडी घासायला बसवलं. बाकीच्या पाच जणी भोवती बसून प्रश्न विचारायच्या. फडकं हललं की सगळ्या मिळून टेबलावर थाप मारायच्या आणि हसायच्या. शनिवारी थापांनी शेजाऱ्याचं कुत्रं भुंकायला लागलं. रविवारी चर्चहून आल्यावर थापा विरळ झाल्या. बुधवारी कुत्रं झोपून राहिलं.

गुरुवारी खोलीत दुसराच परीक्षक होता, घसा सारखा साफ करणारा. त्याने पहिल्याच प्रश्नाआधी कार्डावरची ओळ मोठ्याने वाचली. तेबोरा हो म्हणाली. मग पुन्हा हो म्हणाली, आणि का हो ते सांगितलं. एकदा तिचा आवाज कापला, एकदा शब्द सापडला नाही. ऐकणाऱ्या अनोळखी माणसाने सहा दिले. साडेसहा नाही, सहा. शुक्रवारी यादी बंद झाली तेव्हा तिचं नाव खालून दुसरं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती नेरिडाच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. पेढे नाहीत, हार नाहीत. तिला बातमी लागली होती.

“मिस, परीक्षकांच्या यादीतून तुमचं नाव गेलं?”

“गेलं.”

“माझ्यामुळे.”

“माझ्यामुळे. कार्ड माझ्या हातात होतं.”

तेबोराने यावर वाद घातला नाही. ती आत आली, नेरिडाशेजारच्या बाकावर बसली आणि सुट्टी संपेपर्यंत बसून राहिली. घंटा झाली तशी ती उठली आणि वर्गाबाहेर गेली.

वरिष्ठ जागा दुसऱ्याला मिळाली. नेरिडाला सकाळचा अगदी नवख्यांचा वर्ग दिला, अक्षरओळख करून देण्याचा, आणि तिने तो तीन वर्षं घेतला. वर्षभराने यादीत परत येण्यासाठी अर्ज करता आला असता. तिने केला नाही. का, ते कोणी विचारलं नाही. मग निवृत्त झाली. आता खाडीकाठी विनमला राहते, गुडघे बदलून घेतलेत. तेबोरा इप्सविचला म्हाताऱ्या माणसांच्या रुग्णालयात रात्रपाळीला असते आणि तिची बहीण यंदा नर्सिंगला आली आहे.

गोष्ट एवढीच. मागायचं म्हणून एक मागते, नाही म्हणू नका. सकाळी हात जोडताना तुम्ही घरच्यांची, दारच्यांची, गेलेल्यांची नावं घेता; त्या रांगेत अगदी शेवटी नेरिडा पॅस्को हे एक नाव घालून ठेवा. तिला कळणार नाही. तरी ठेवा.