दोन आळ्यांचा तांब्या

सुचिता गेल्याचं मला हेतलमुळे कळलं. हेतल खोलीत आली, खाटेवर बसली, लगेच उठली आणि मला उचलून दाराबाहेर घेऊन गेली. सकाळी निघताना सुचिताने मला भरून ठेवलं होतं. संध्याकाळी परत आली की ती तेच पाणी प्यायची. हेतलने ते पाणी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलं आणि मला रिकामा आत आणून ठेवलं. तिने मला पुन्हा भरलं नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्याला तेवढं पुरतं.

मी तांब्या. तुमच्या निबंधाच्या वहीतल्या वस्तूंसारखा गोड बोलणारा मी नाही. मला राग आलेला आहे आणि तो मी लपवणार नाही.

मी कोळीवाड्यातला. बोर्ली पंचतनच्या बाजारातून खाडीकडे उतरलात की आमची वस्ती लागते. वर एक आळी, खाली एक आळी, मध्ये देऊळ आणि मासळी वाळवायचं खळं. कोणा तांबटाने मला पत्र्यातून ठोकून काढलं. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या पोटावर आहेत. पाटलांच्या घरी मला आणलं ते घरच्या पाण्यासाठी नव्हे. वस्तीतलं भांडण मिटवायचं असलं की दोन्ही बाजूंच्या माणसांनी माझ्यातलं पाणी प्यायचं. एरवी आपल्याकडे तांब्याला तोंड लावत नाहीत, वरून पितात. त्या दिवशी मात्र ओठ लावून प्यायचं, एकापाठोपाठ एक. एकमेकांचं उष्टं प्यालं की भांडण संपलं. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.

पाटलीणबाई मला चिंच लावून घासायच्या. मी आहे म्हणून आमच्या माणसांना कोर्टासाठी अलिबागच्या खेपा घालाव्या लागत नाहीत, असं लोक म्हणायचे. मला फार अभिमान वाटायचा. आता वाटत नाही.

पुढे वरच्या आळीत मोठ्या होड्या आल्या आणि त्यांच्यावर झगझगीत दिवे आले. दिव्याखाली मासळी गोळा होते आणि एकदम उपसून काढता येते. खालच्या आळीची माणसं डोल लावतात. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं मोठं जाळं. पाण्याच्या ओढीबरोबर जेवढी मासळी आत शिरेल तेवढी आपली. दिवे आल्यापासून डोलीत चिखल आणि प्लास्टिकच जास्त येऊ लागलं. शिव्या सुरू झाल्या. मग गणराजची डोल सुरीने कापलेली सापडली. त्याच आठवड्यात खळ्यावर पसरलेलं चंदरचं नवं जाळं जळालं.

गणराज हा सुचिताचा नवरा, खालच्या आळीचा. चंदर तिचा धाकटा भाऊ, वरच्या आळीचा, कोंडाजी पाटलांचा मुलगा. डोल कोणी कापली ते वरच्या आळीला माहीत होतं. जाळं कोणी जाळलं ते खालच्या आळीला माहीत होतं. कोणी तोंड उघडलं नाही. पंचांनी घाईघाईने मला देवळात आणलं. गणराज प्याला, चंदर प्याला. माझ्या काठावर दोघांचे ओठ टेकले तेव्हा आत दात आवळलेले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या हंगामात त्याच खळ्यावर काठ्या चालल्या आणि दोन घरांनी एकमेकांकडे जाणं सोडलं. मला फडताळात टाकलं. मी काळा पडलो.

सुचिता अलिबागला पोलिसात फौजदार होती. तिची संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी निवड झाली आणि ती वडिलांच्या पाया पडायला आली. कोंडाजींनी मला फडताळातून काढून तिच्या हातात दिलं.

“घेऊन जा याला,” ते म्हणाले. “हितं आता कुनाला तहान ऱ्हायली न्हाय.”

तिने मला घासून लखलखीत केलं. मांडव्याच्या धक्क्यावर नवरा आणि भाऊ दोघंही तिला सोडायला आले होते, एकमेकांपासून लांब उभे होते. परत आल्यावर तुम्हा दोघांना याच्यातूनच पाजणार आहे, असं ती दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

चंदर हसला. “ताई, तिकडची लढाई मिटव आधी. आमची लय अवघड हाय.”

तिकडे म्हणजे दक्षिण सुदानमध्ये. मित्रांनो, तो देश वयाने तुमच्यापेक्षा फारसा मोठा नाही, २०११ साली जन्मला. जन्मून तीन वर्षं व्हायच्या आत तिथले सर्वांत मोठे दोन पुढारी खुर्चीसाठी भांडले आणि दोघांनी आपापल्या जमातीच्या लोकांना हाक दिली. जमिनीखाली तेल आहे, ते कोणाच्या हातात राहावं हा तंटा होताच. चराऊ कुरणं आणि पाणी यांचे तंटे त्याहून जुने. पूर्वी ते काठ्या-भाल्यांनी लढले जायचे. आता पोरांच्या हातात बंदुका आल्या. त्या बंदुका बनवणारे देश वेगळेच. आणि गंमत बघा, बंदुका विकणारे काही देश शांततेच्या बैठकीतही खुर्ची टाकून बसतात. मोठ्या माणसांनी परदेशातल्या हॉटेलांत करार केले, हात मिळवले, फोटो काढले. पहिला करार वर्षभरही टिकला नाही. मग दुसरा केला. ज्यांची पोरं मारली गेली त्यांना कोणी विचारलं नाही. मी हे ऐकलं तेव्हा मला आमचं देऊळ आठवलं आणि त्या टाळ्या.

नदीकाठच्या एका गावाजवळ शांतिसेनेची छावणी होती. सुचिताला शस्त्र नव्हतं. निळी टोपी, एक वही आणि मी. तिच्या खोलीत सुरतेची हेतल होती, तीही पोलिसातलीच. छावणीबाहेर गुरं पाळणाऱ्या नुएर जमातीची दोन कुळं होती. एका कुळाच्या पोरांनी गुरं पळवली, त्यात दुसऱ्या कुळाचे दोघे मेले. मग सूड सुरू झाला. बायका पाण्याला जायला घाबरायच्या. सुचिता दोन्हीकडे जाऊन बसायची, ऐकायची. दुभाषी म्हणून न्यापाल नावाची बाई होती, तिचा स्वतःचा मुलगा त्या लढाईत गेलेला.

शेवटी दोन्ही कुळांचे म्हातारे एका झाडाखाली बसायला तयार झाले. सुचिताला वाटलं, आता वेळ आली. तिने मला भरलं, स्वतः एक घोट प्यायली आणि पहिल्या म्हाताऱ्यापुढे धरलं. दुसऱ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे यानंतर तुम्ही.

दोघांचे चेहरे एकदम बदलले. पहिल्याने काठीने मला उडवलं. मी दगडावर आपटलो, पोटाला पोचा पडला. म्हातारा न्यापालला काहीतरी म्हणाला. न्यापालने ते जसंच्या तसं सांगितलं.

“ही बाई आम्हाला मारायला आली आहे का?”

दोघंही उठून गेले.

न्यापालने नंतर सुचिताला समजावलं. ज्या दोन घरांत खून झाला आहे, त्यांनी एका भांड्यातून खायचं-प्यायचं नाही. प्यालं तर मरण येतं, अशी त्यांची पक्की समजूत. आधी कोणी मारलं ते सर्वांसमोर कबूल करायचं, मेलेल्याच्या घरी गाई पोचवायच्या, विधी करायचा, आणि मग एकत्र पाणी. न्यापाल चिडली होती. “तुमच्याकडे रक्त नुसत्या पाण्याने धुतात काय?” असं तिने विचारलं.

त्या दिवशी तिने गणराजला फोन लावला. फोनचा आवाज ती मोठा ठेवायची, म्हणून दोन्हीकडचं मला ऐकू आलं.

“अहो, आपण पाणी आधी प्यालो, तिथंच चुकलो,” ती म्हणाली. “कोणी काय केलं ते आधी बोलायला पाहिजे होतं. पाणी शेवटी.”

“म्हंजे मी धनेशचं नाव घेऊ? चुलतभाऊ हाय माझा. आळी मला उभं करनार न्हाय.”

“आणि चंदर माझा भाऊ आहे. त्याच्या बाजूचं नाव त्यानं घ्यायचं. मी आले की दोघांनी बोलायचं. मी मध्ये बसेन.”

बरंय, जेवलीस का, असं विचारून गणराजने फोन ठेवला.

त्यानंतर सुचिताने मला कोणापुढे धरलं नाही. ती पुन्हा दोन्हीकडे गेली, माफी मागितली, आणि पाण्याऐवजी गाईंबद्दल बोलू लागली. किती दिवस लागले ते मी मोजले नाहीत. म्हातारे पुन्हा बसले. मारणाऱ्यांची नावं दोन्हीकडून घेतली गेली, रडारड झाली, कोणी कोणाच्या अंगावर धावूनही गेलं. तरी गाई द्यायचं ठरलं. गाई नदी ओलांडणार त्या सकाळी सुचिता होडीतून पलीकडे निघाली. कोळ्याची मुलगी, होडीत ती नेहमी खुशीत असायची. काठावरच्या गवतातून गोळ्या आल्या. कोणी झाडल्या ते कळलं नाही. चौकशी चालू आहे असं सगळे सांगतात.

हेतलने मला सुचिताच्या ट्रंकेत कपड्यांमध्ये गुंडाळून पाठवलं. वस्तीत गाड्या आल्या, हार आले, मोठी माणसं आली. शांतीसाठी बलिदान, असं प्रत्येकजण म्हणाला. ती तिथे नेमकं काय करत होती, हे एकानेही विचारलं नाही. हाराच्या ढिगाखाली मी अडकून पडलो होतो. मला त्या माणसांचा तिरस्कार वाटला. अजून वाटतो.

बाराव्याला दोन्ही आळ्या देवळापुढे जमल्या. पंचांतले दत्तात्रेयकाका मला भरून घेऊन आले. त्यांचा हेतू वाईट नव्हता.

“पाटलाच्या लेकीच्या नावानं दोघं प्या,” ते म्हणाले. “तिची हीच इच्छा हुती.”

गणराजने मला हातात घेतलं. पोच्यावरून अंगठा फिरवला. मग मला खाली जमिनीवर ठेवलं.

“तिच्या नावानं खोटं पिनार न्हाय,” तो म्हणाला. “चंदरचं जाळं धनेशनं जाळलं. मला त्याच दिवशी कळलं हुतं. मी गप बसलो.”

धनेश उठला. घरचाच कुत्रा चावला, एवढं बोलून तो निघून गेला, आणि त्याच्यामागे खालच्या आळीतली निम्मी माणसं गेली. गणराज चंदरकडे बघत होता.

“आता तू सांग. माझी डोल कुनी कापली?”

“दाजी, ताईचं बारावं हाय. आज नको.”

“आज न्हाय तर कधी?”

वरच्या आळीतल्या कोणीतरी मागून चंदरचा सदरा ओढला. तोही उठून गेला, मग बाकीचेही पांगले. कोंडाजी एकटेच बसून राहिले. उन्हं कलल्यावर त्यांनी माझ्यातलं पाणी हळूहळू मातीत ओतलं आणि मला गणराजच्या ओसरीवर आणून ठेवलं.

आता गणराजची डोल ओढायला खालच्या आळीतलं कोणी येत नाही. तो बाहेरगावचा माणूस घेऊन जातो. चिंच लावून मला घासतो, पण भरत नाही. पोचा काढायला मला बाजारात नेऊ का, असं शेजारणीने विचारलं. तो नको म्हणाला.

मित्रांनो, मला जपा, घासा, असं मी सांगणार नाही. कोणी तुमच्यापुढे घाईने पाणी धरलं, हात मिळवा म्हटलं, तर आधी विचारा, कोणी काय केलं ते बोलून झालं का. बोलून झालं नसेल तर माझ्यासारख्या भांड्याला तोंड लावू नका.

परवा हेतलचा फोन आला होता. तिकडच्या गाई अजून नदीच्या पलीकडेच आहेत. इकडे डोल कापणाऱ्याचं नाव वरच्या आळीने अजून घेतलेलं नाही. मी ओसरीवर कोरडा आहे.