राखेचा दोष

चुनीलालशेठनी छायाचित्र खिडकीपाशी नेले आणि भिंग डोळ्याला लावले. टेबलाच्या अलीकडे पितांबर उभा होता. बसायला खुर्ची होती. पण निकाल उभ्यानेच ऐकायचा असतो, असा त्याचा समज होता, आणि तो समज दूर करावा असे शेठजींना कधी वाटले नव्हते.

नंदुरबारात शेठजींचे कापसातून सरकी काढायचे जीन होते, आणि मुंबईच्या एका प्रदर्शनात मिळालेले रौप्यपदक होते. पहिल्यावर त्यांचे घर चाले, दुसऱ्यावर आसपासच्या तीन तालुक्यांतली कलेची समज. दरवर्षी होळीनंतरच्या आठवड्यात ते अक्कलकुव्याच्या बंगल्यात मुक्काम करीत. हौशी मंडळी आपापली छायाचित्रे घेऊन येत, शेठजी दोष सांगत, आणि त्यांना पसंत पडलेले एकच छायाचित्र मुंबईच्या प्रदर्शनाला जाई. पितांबरचे तीन वर्षे गेले नव्हते. जंगलाचे परवाने लिहिणाऱ्या त्या कारकुनाला आयुष्यात दुसरे काही हवे होते, असे त्याच्या घरीही कोणी सांगू शकले नसते.

गेल्या वर्षी, १९३७ साली, त्याने काठी गावच्या होळीत नाचणाऱ्या करमसिंगचे छायाचित्र आणले होते. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, अंगभर राख आणि राखेवर तांदळाच्या पिठाचे ठिपके. टीका उपयोगी पडली पाहिजे, असे म्हणून शेठजींनी सात दोष काढले होते. सातवा सर्वांत मोठा होता: राखेवर उजेड मरतो, माणसाच्या तोंडाची भिंत होते, पुढच्या वेळी तोंड स्वच्छ करून घ्या. पितांबरने सातही दोष वहीत उतरवले आणि वर्षभर पाठ केले.

यंदा पहाटे होळी पेटली आणि उजेड पुरेसा झाला, तेव्हा त्याने करमसिंगला बाजूला घेतले. सहा दोष लगेच दूर झाले. सातव्यासाठी त्याने रुमाल भिजवून पुढे केला.

"पुसाले नही जमस, रावसाहेब," करमसिंग म्हणाला. "पालनी शे."

पालनी म्हणजे नवसाचे पथ्य, हे पितांबरला ठाऊक नव्हते असे नाही. करमसिंगची बायको कमलीबाई पहिल्या बाळंतपणात मरणाच्या दारातून परत आली, तेव्हा त्याने पाच होळ्यांचा नवस बोलला होता. होळीच्या त्या दिवसांत खाटेवर निजायचे नाही, बाईच्या हातचे खायचे नाही, आणि शेवटचा मेळा आटोपून घरी परतेपर्यंत अंगाला पाणी लागू द्यायचे नाही. ही पाचवी होळी होती. पितांबरने हे सगळे एकदा फुरसतीने विचारून, छायाचित्राखाली देण्याच्या मजकुरासाठी टिपून ठेवले होते.

"तुन्हा देव काय आठे देखाले येस का?" तो हसत म्हणाला. मग करमसिंगच्या बांबूच्या परवान्याची मुदत पाडव्याला संपते, एवढीच एक गोष्ट त्याने सहज बोलावी तशी बोलून दाखवली.

करमसिंगने रुमाल हातात घेतला नाही. तो नुसता उभा राहिला, तेव्हा पितांबरनेच त्याचे तोंड पुसले. आधी कपाळ, मग गाल, मग नाकाच्या दोन्ही बाजू. पलीकडे कमलीबाई मूल कडेवर घेऊन उभी होती. ती जागच्या जागी खाली बसली.

"राख तू पुसी, मी नही पुसी," करमसिंग ओठ फारसे न हलवता म्हणाला. "पुजाराले सांगशी ना?"

पितांबरने होकाराची मान हलवली आणि त्याच मानेने त्याला हनुवटी किंचित वर घ्यायची खूण केली. नंतर कॅमेरा आवरता आवरता ऊन चढले, मोटार सुटायची वेळ झाली, आणि पुजारा, म्हणजे नवसाची पालनी पाहणारा गावचा पुजारी, मेळ्याच्या दुसऱ्या टोकाला होता.

शेठजींनी भिंग खाली ठेवले.

"हा कोण?"

"करमसिंग. गेल्या वर्षीचाच."

"गेल्या वर्षीचा वेगळा होता. त्याच्या तोंडावर राख होती. ती राख म्हणजेच ते चित्र होते, मास्तर." पितांबर मास्तर नव्हता, शेठजी हौशी लोकांना सरसकट मास्तर म्हणत. "आता हा टोप घातलेला हमाल दिसतो. धुतला कशाला त्याला? कोणी सांगितले?"

पितांबरची वही कोटाच्या आतल्या खिशात होती.

"माझीच चूक," तो म्हणाला.

"चूक कबूल करणारा माणूस शिकतो," शेठजी प्रसन्न झाले. राख असलेले आणा, पुढच्या वर्षी तेच मुंबईला पाठवू, असे त्यांनी आपण होऊन सांगितले आणि पुढचे छायाचित्र उचलले.

बाजाराचा दिवस होता. बंगल्याच्या फाटकाबाहेर करमसिंग टोपल्यांची चळत शेजारी ठेवून बसला होता. त्याने आता आंघोळ केली होती. तेल लावलेले केस, साधा सदरा. पितांबरला पाहून तो उठला. पुजाऱ्याचे त्याने काहीच विचारले नाही. ते न विचारणे पितांबरला सोयीचे वाटले, आणि सोयीपोटी आलेल्या आपुलकीने त्याने विचारले, की पुढच्या होळीला टोप बांधणार का.

"बांधसू ना, रावसाहेब," करमसिंग म्हणाला. "पंच बठनात. पालनी मोडनी म्हने. या चार गयात, पाचवी बी गई. आते पहिलेपाईन पाच होळ्या."

त्याने टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि बाजाराकडे चालू लागला. पितांबर फाटकाशी उभा राहिला. आठवडाभर छातीवर असलेले काहीतरी हलके झाल्यासारखे त्याला वाटले. पाच वर्षे तोच माणूस, तोच टोप, तोच पहाटेचा उजेड. एवढ्या अवधीत कोणाचाही हात सुधारतो.