झाकणावरची वजनं

देवजीने माशाच्या टाकीच्या झाकणावरची दोन वजनं उचलून टेबलावर ठेवली, काच चार बोटं सरकवली आणि चिमट्यातलं झुरळ पाण्यावर सोडलं. मासा तळाशी होता. तो वर कधी आला ते दिसलंच नाही. खालचा जबडा उघडला, पाणी हललं आणि झुरळ गेलं.

"तुज्याच हातचं खातो," धर्मराज सोफ्यावरून म्हणाला. "मी टाकलं का तोंड फिरवतो. दाजी, काय जादू केलीस रं?"

"उपाशी ठेवला का सगले खातान."

धर्मराज हसला. देवजीने काच सरकवून वजनं परत ठेवली. पाच-पाच किलोची ती वजनं त्यानेच तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून आणली होती. अरोवाना जातीचा मासा उडी मारतो. त्याच्या मुलखात तो पाण्यावर वाकलेल्या फांदीवरचे किडे उडी मारून धरतो, घरात आणला म्हणून ती खोड जात नाही. दीड फुटाचा, रुपेरी, पत्र्यासारख्या खवल्यांचा हा मासा काच सहज उचलेल, हे देवजीनेच सांगितलं होतं. जासईच्या खाजणात मासे धरून मोठा झालेल्या माणसाचं धर्मराजने लगेच ऐकलं.

"उद्या एकवीरेला निंगतो. सूनबायचे चार महिने भरले, आईची ओटी भरायची हाय," धर्मराज म्हणाला. त्याने किल्ली पुढे केली. "परवा संध्याकालपर्यंत येतो. याला तू बघ. दुसऱ्या कोनावर माजा भरोसा नाय."

देवजीने किल्ली घेतली.

धर्मराज त्याला दाजी म्हणायचा, कारण देवजीची बायको पुतळा त्याच्या गावची. तीस वर्षं तिने धर्मराजला राखी बांधली. कोपरखैरण्याच्या गावठाणात धर्मराजने सात मजल्यांची इमारत उभी केली, तेव्हा पाचव्या मजल्यावरची खोली त्याने बहिणीला म्हणून दिली. त्याच्या मुलाच्या हळदीला पुतळा सकाळपासून गच्चीवर बसून लग्नाचे धवले गात होती. दुपारी छाती जड वाटते म्हणून खाली आली आणि पलंगावर आडवी झाली. तिचा घाम बघून देवजी गच्चीवर धावला. लिफ्टची चावी धर्मराजच्या खिशात होती, कारण जेवणाच्या डेगी वर चढत होत्या.

"पाच मिनटां थांब, दाजी. एवढ्या डेगी वर जाऊ दे."

देवजी थांबला. पाच मिनिटं, मग आणखी पाच. अशी पंचवीस मिनिटं तो पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या दारासमोर उभा राहिला आणि डेगी वर जाताना बघत राहिला. मग पुतळाला खुर्चीत बसवून त्याने आणि वरच्या भाडेकरूने जिना उतरायला घेतला. दुसऱ्या मजल्यावर, धर्मराजच्या दारासमोरच, तिची मान कलली. दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं. वर हळद थांबली नाही, फक्त बेंजो बंद झाला.

आपण पंचवीस मिनिटं थांबलो, हे देवजीने कोणाला सांगितलं नाही.

महिन्याभराने धर्मराजकडे मासा आला. आठ दिवस मासा खाईना. धर्मराज दिवसभर काचेसमोर बसून राही, त्यालाही जेवण जाईना. जिन्यातून जाताना देवजीला ते उघड्या दारातून दिसलं. या माणसाचा जीव कशात आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. तो आत गेला. "चार दिवस याला काय नको देऊस," म्हणाला. पाचव्या दिवशी त्याने जिवंत झुरळ टाकलं. तेव्हापासून तीन महिने तो रोज खाली येत होता. पाणी बदलायचा, कोलंबी सोलून द्यायचा, काच पुसायचा. धर्मराजच्या घरचा चहा मात्र त्याने एकदाही घेतला नाही. साखर वाढलीय म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या एकवीरेला गेल्या. दहा वाजता देवजीने धर्मराजचं दार उघडलं. त्याने वजनं उचलली आणि जमिनीवर ठेवली. काच अर्ध्यापर्यंत सरकवली. खायला काही दिलं नाही. मग तो धर्मराजच्या सोफ्यावर जाऊन बसला.

बराच वेळ काही झालं नाही. मासा इकडून तिकडे फिरत होता. देवजी उठला, चिमट्यात झुरळ धरलं आणि ते पाण्यापासून हातभर उंच, कडेच्या बाहेर धरलं.

मासा सरळ वर आला. झुरळ त्याला मिळालं नाही. तो फरशीवर पडला तेव्हा ओलं गोणपाट आपटल्यासारखा आवाज झाला.

देवजी परत सोफ्यावर बसला. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. मासा टीव्हीच्या टेबलापर्यंत तडफडत गेला, तिथून परत आला. खवल्यांना धूळ लागली. जबडा उघडत होता, मिटत होता.

"पाच मिनटां थांब," देवजी म्हणाला.

रिकाम्या घरात स्वतःचा आवाज त्याला मोठा वाटला. एकदा मासा त्याच्या पायाशी आला, तेव्हा त्याने पाय वर घेतले. सव्वाअकराला तो उठला. मासा हलत नव्हता. त्याने तो उचलला नाही, फरशी पुसली नाही. किल्ली लावून जिना चढून वर गेला.

धर्मराज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला आला. देवजी वाट बघत त्याच्या दाराबाहेरच उभा होता. दार उघडल्याबरोबर वास आला. धर्मराजची बायको उत्कर्षा नाकाला पदर लावून आत गेली आणि तिने खिडक्या उघडल्या. धर्मराज माशाजवळ खाली बसला.

"वजनां?" त्याने विचारलं.

"मी काढली," देवजी म्हणाला. "ठेवली नाय."

एवढं बोलायला त्याने तीन महिने वाट पाहिली होती. आता धर्मराज ओरडेल, रडेल, गळा धरेल. तो सगळ्याला तयार होता.

धर्मराजने माशाला हात जोडले. मग तसाच हात जोडून तो देवजीकडे वळला. त्याचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर दुःख नव्हतं.

"सुटलो, दाजी."

"काय?"

"पुतळाताय गेली ना, तवापासून मना झोप नाय. डोला लागला का ती जिन्यात बसलेली दिसं. घामानं भिजलेली. काय बोलं नाय, निसती बसं. मग सूनबायला दिवस गेलं. माजं पाप त्या पोरावर येल, येच डोक्यात." त्याने गंजीने तोंड पुसलं. "वाशीचा वास्तूवाला बोलला, यो मासा ठेव. घरावरचा संकट यो आपल्या अंगावर घेतं नि मरतं. रोज बघत बसायचो रं. कदी घेतंस, कदी घेतंस."

देवजीने रिकाम्या टाकीकडे पाहिलं.

"नि तुज्या हातून झाला. दुसऱ्या कोनाच्या हातून झाला असता, तर मी नसता मानला." धर्मराजने वाकून त्याच्या पायांना हात लावला. "म्हंजे तायनंच माफ केला."

तो सोफ्यावर बसला, पाय वर घेतले, उशीला डोकं टेकलं. उत्कर्षाने मासा वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर नेला आणि बादली घेऊन फरशी पुसायला लागली. देवजी होता तिथेच उभा राहिला.

"चुकून नाय राहिली," तो शेवटी म्हणाला. "मुद्दाम काढली मी. त्याला खाली पाडला नि समोर बसून बघत होतो."

उत्कर्षाचा हात थांबला. तिने देवजीकडे पाहिलं, मग सोफ्याकडे.

धर्मराज झोपला होता. तोंड उघडं, एक हात खाली लोंबत होता, श्वास संथ आणि खोल चालला होता.

उत्कर्षा उठली. तिने पंखा एक आकडा कमी केला, नवऱ्याचा लोंबणारा हात उचलून त्याच्या छातीवर ठेवला. मग बादलीपाशी परत बसून तिने फडकं पिळलं.

"त्यांना नका सांगू," ती हळू म्हणाली. "हात जोडते, भावजी."