देवजीच्या जावाचं सिलिंडर

देवजीचं पत्र कमळाकर गुरुजींनी शब्दकोशात ठेवलं होतं. कोश दिवसातून दोनदा तरी उघडायचा, त्यामुळे पत्र नजरेआड केलं असंही म्हणता येईना. अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात आलेलं ते अंतर्देशीय. मजकूर आता पाठ झाला होता: "कमळ्या, पोचलो. मीनाचं घर ऐसपैस आहे, पण जळगावचं ऊन सोसत नाही. गुडघे तसेच. माझी गाडी कशी आहे? आठवड्यातून एकदा फिरवतोस ना? चालते एवढं कळव, बास."

एवढंच तर कळवता येत नव्हतं. पत्र यायच्या बारा दिवस आधी गुरुजींनी गाडी जाम केली होती.

देवजी आणि ते मुरबाडच्या शाळेत एकवीस वर्षं शेजारच्या वर्गांवर होते. देवजी मोठ्यानं हसणारा, रंगेल. कमळाकर गुरुजी शिपायाला चहा सांगतानासुद्धा दोनदा घसा खाकरणारे. देवजीची चौसष्ट सालची तांबडी जावा मोटरसायकल म्हणजे तालुक्याला माहीत असलेली वस्तू. तिच्या पेट्रोलमध्ये हातानं तेल मिसळावं लागे, नाहीतर इंजिन जाम होई. गुरुजींनी माहितीपुस्तिका वाचून एका कागदावर सुवाच्य अक्षरात "लिटरला चाळीस मिली तेल, न विसरता" असं लिहून हत्यारांच्या डब्यात चिकटवून दिलं होतं. देवजी हसला होता. "कमळ्या, तू गाडीचंसुद्धा शुद्धलेखन तपासशील!"

निवृत्तीनंतर मीनाकडे, लेकीकडे जाताना देवजीनं किल्ली गुरुजींच्या हातात दिली. "दुसऱ्या कुणावर भरवसा नाही रे."

आणि मग तो दिवस. टोकावड्यापाशी पेट्रोल संपलं. टपरीवर बाटलीतून विकायला ठेवलेलं होतं. रंग लालसर दिसला, म्हणजे तेल घातलेलंच असणार, असं गुरुजींनी धरलं. विचारायला तोंड उघडलंही होतं. पण पुढे दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि बाटलीवाला घाईत होता. वैशाखऱ्याच्या पुढच्या चढावर इंजिनानं एक किंचाळी मारली आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं. पडले नाहीत, एवढंच. टेंपोत घालून गाडी घरी आली आणि पडवीत पोत्यांखाली गेली. नीट करू, मग उत्तर लिहू, असं म्हणत त्यांनी कोरं अंतर्देशीयही आणून ठेवलं. त्याला चार वर्षं होत आली.

"गाडी नाय ती," त्यांच्या पत्नी अंबूबाई झाडताना म्हणायच्या, "भूत झाकून ठेवलंय. रोज मला उंबऱ्यात आडवं येतं."

दोन हजार दोनच्या जानेवारीत म्हसा गावच्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानापाशी जगन भेटला. जगन वैशाखऱ्याचा, देवजीचा विद्यार्थी. टोकावड्याला त्याचं पंप आणि मोटरसायकली दुरुस्त करायचं गॅरेज होतं.

"गुरुजी, दिवाळीनंतर देवजी गुरुजी येऊन गेले की गावी, लग्नाला. मला विचारत व्हते, कमळ्या हाय का गेला? म्हटलं हाय, चांगला चालता-बोलता हाय."

"मग?" गुरुजींनी विचारलं.

"मग म्हणाले, म्हणजे राग धरलाय त्यानं कशाचा तरी. एसटी मुरबाडला धा मिनटं उभी व्हती, मी संगतीला व्हतो. खिडकीतनं बघत बसले, पण उतरले नाय."

गुरुजींनी हातातलं घोंगडं खाली ठेवलं. आपल्या भित्रेपणामुळे देवजी दहा मिनिटं मुरबाडच्या स्टँडवर बसून राहिला आणि उतरला नाही. आजवर त्यांना वाटत होतं, उत्तर न दिल्यानं फक्त आपली झोप उडते.

"जगन, गाडी मी जाम केलीय," ते म्हणाले. चार वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा बाहेर पडलं होतं. "माझ्या पेन्शनीत बसेल असं काही करता येईल का?"

"आना तर खरं. उघडल्याबिगर डॉक्टर बी सांगत नाय."

जगननं इंजिनाचं डोकं उतरवलं, डिझेलमध्ये दोन दिवस भिजवून, लाकडी ठोकळ्यानं ठोकठोकून पिस्टन सोडवला. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नखानं ओरबाडल्यासारखे चर पडले होते. गुरुजींना ते बघवेना.

"नवीन जोड मुंबईत मिळंल, पण भाव ऐकून तुमी चालत घरी जाल," जगन म्हणाला. मग पिस्टनचा माथा पुसून त्यानं उजेडात धरला. "ओ गुरुजी, हे बघा. पंचाहत्तर आकडा हाय. म्हणजे मूळ मापापेक्षा पाऊण मिलिमीटर मोठा. एका वेळी पाव धरा. हे सिलिंडर आधीच तीनदा कोरलंय."

"झिजलं असेल. जुनी गाडी."

"आसंल," जगन म्हणाला, पण हसला. "आता चौथ्यांदा कोरून हे चर निघायचे नाय. आत नवी नळी बसवायची. जुन्या पंपाची मिळंल, मापात कातून घ्यायची. शहापूरला हनुमान मिस्त्रीकडं जा. पिस्टन माझ्याकडं हाय एक, भंगारातल्या इंजिनाचा, पन निरोगी."

अडचण एकच होती. सिलिंडरच्या भिंतीत वायू आत-बाहेर जायला खिडक्या असतात. नव्या नळीला त्या नेमक्या त्याच जागी कापायला हव्यात; केसभर चुकलं तर गाडी नुसती खोकत राहील. जगन डोकं खाजवत बसला. गुरुजींनी सिलिंडरच्या आत बोट फिरवून खिडक्या चाचपल्या. मग घसा खाकरून म्हणाले, "कागद आत गुंडाळून बसवला आणि वरून काजळी घासली, तर खिडक्यांच्या कडा उमटतील. मुलांना पानांचे ठसे घ्यायला शिकवायचो, तसं."

ठसा पहिल्याच वेळी स्वच्छ उतरला. जगन तो हातात धरून म्हणाला, "गुरुजी, शाळेत हेच शिकवलं असतं तर मी धावीला नापास झालो नसतो."

मुरबाडहून शहापूरच्या एसटीत सिलिंडर गुरुजींच्या मांडीवर होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. हनुमान मिस्त्री सत्तरीचा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं सिलिंडर उलटं केलं, खालच्या कडेवर बोट फिरवलं आणि थांबला. तिथे टोकदार पंचानं ठोकलेले तीन ठिपके होते.

"हे माझंच काम. दर वेळी एक ठिपका ठोकतो मी. ही देवजी मास्तरची जावा ना?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"ओळखतो? तीनदा आले ना जाम करून! तेल घालायलाच विसरायचे. गप्पांत रंगला की मानसाला काय ध्यानात राहतं? दर वेळी माझ्या हातापाया पडायचे, मिस्त्री, बाहेर बोलू नको. आनि आमच्या शाळेतल्या कमळ्याला तर अजिबात कळता कामा नये. त्यानं कागद लिहून चिकटवलाय, जन्मभर मला तोंड दाखवायला जागा उरायची नाय." मिस्त्रीनं चष्म्यावरून पाहिलं. "तुमी कोन त्यांचे?"

गुरुजींनी दुकानातल्या स्टुलावर बसून घेतलं. त्यांना आठवू लागलं. देवजी मधूनच आठ-आठ दिवस एसटीनं शाळेत यायचा. "गाडी सर्व्हिसला दिलीय", "पावसात कोण काढतो", "पोराला दिलीय". तीन वेळा. आणि प्रत्येक वेळी गुरुजींनी विश्वास ठेवला होता.

"मीच तो कमळ्या," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मिस्त्री लेथचं यंत्र बंद करून बघत राहिला. छातीवर इतकी वर्षं ठेवलेलं दगडी जातं कुणीतरी अलगद उचलून घेतल्यासारखं त्यांना वाटत होतं.

नळी बसली, खिडक्या कानशीनं ठशाबरहुकूम कापल्या गेल्या. मिस्त्रीनं चौथा ठिपका ठोकायला पंच उचलला.

"माझा जरा लांब ठोका," गुरुजी म्हणाले. "त्याच्यात मिसळायला नको."

उरलेलं काम जगननं आठवड्यात उरकलं. सिलिंडरखालचं पॅकिंग गुरुजींच्या जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यातून कापलं. पिस्टनच्या रिंगा तेवढ्या नव्या घेतल्या. सातव्या किकला गाडी ढेकर दिल्यासारखी बोलली, नवव्या किकला लागली आणि गॅरेजभर निळा धूर झाला. जगन धुरातून ओरडला, "बोलली गुरुजी, बोलली!"

घरी येऊन गुरुजींनी ते कोरं अंतर्देशीय काढलं. नेहमी ते आधी वहीत मसुदा करत. या वेळी केला नाही.

"देवजी, मी आहे. राग नाही, लाज होती. तुझी गाडी मी बिनतेलाची चालवून जाम केली, म्हणून लिहिलं नाही. हनुमान मिस्त्री भेटले. तुझ्या तीन, माझी एक. आता चालते. पुन्हा आलास की मुरबाडला उतर. न्यायला गाडी घेऊन येतो. तेल मी घालीन. कमळ्या."

"एवढंच?" अंबूबाईंनी खांद्यावरून डोकावून विचारलं. "चार वर्षांत एवढंच सुचलं?"

"खाडाखोड नाही त्यात, ते बघ."

पोस्टात जायला त्यांनी जावाच काढली. वाटेत पंपावर लिटरभर पेट्रोल भरायला थांबले. मागे पाच-सहा जण खोळंबले होते, हॉर्न वाजवत होते.

"भाऊ," गुरुजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे नुसतं पेट्रोल ना? तेल घातलेलं नाही ना?"

"नाय आजोबा, नुसतं."

"मग थांबा जरा." त्यांनी डब्यातून माप काढलं, चाळीस मिली तेल मोजून घातलं आणि गाडी दोन्ही बाजूंना हलवून घेतली. कुणीतरी मागून म्हणालं, "आजोबा, लगीन लावताय का गाडीचं?" ते हसले, पण घाई केली नाही.

अंतर्देशीयाचा दर मधल्या काळात वाढला होता. खिडकीवर जास्तीचं तिकीट घेऊन त्यांनी चिकटवलं आणि पत्र पेटीत टाकलं. पडल्याचा आवाज आला नाही. अडकलं की काय म्हणून त्यांनी फटीत बोटं घालून चाचपलं.

नव्हतं. आत पडलं होतं.