खालच्या वस्तीवरचा आळ

मित्रांनो, मी वर्तमानपत्राच्या कचेरीतला एक जुना, काळा टेलिफोन आहे. कारखान्यातून आलो तेव्हा माझी तबकडी कशी गर्रकन फिरायची! वार्ताहर बाईंच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. सगळे त्यांना आक्का म्हणत. लग्नं, अपघात, निवडणुका, सारं माझ्यातूनच त्यांच्या कानी गेलं. पण एक दुपार आठवली की अजून जीव टांगणीला लागतो.

त्या दुपारी मी खणखणलो. पलीकडे आक्कांची धाकटी बहीण रडत होती.

"आक्का, छकुली दवाखान्यात आहे गं! शाळेतली सगळी पोरं उलट्या करतायत. खालच्या वस्तीवाल्यांनी पाण्याच्या टाकीत विष कालवलंय. छाप आधी!"

आक्कांनी पेन्सिल उचलली. "कालवताना कुणी पाहिलं?"

"सगळे तेच म्हणतायत! माणसं काठ्या घेऊन निघालीत. तू मावशी आहेस की कोण?"

"मावशी आहे म्हणूनच विचारतेय."

संपादक दारात येऊन उभे राहिले. "अंक अडलाय. विष म्हणून देऊ मथळा?"

"थांबा," आक्का म्हणाल्या.

त्यांनी दवाखान्याचा नंबर फिरवला. लाइन लागेना. पुन्हा फिरवला, पुन्हा. खिडकीखालून घोळका ओरडत गेला. अखेर डॉक्टर सापडले. "विष नाही हो, पाण्यात क्लोरीन भलतंच जास्त आहे. मुलं वाचतील."

आक्कांनी डोळे मिटले, पण रिसीव्हर ठेवला नाही. लगेच पाणीपुरवठ्याच्या साहेबांना गाठलं. ते आधी गुरगुरले, मग त्यांनी नोंदवही मागवून पाहिली.

"चूक आमचीच," ते हळूच म्हणाले. "पण बाई, छापलंत तर माझी नोकरी जाईल."

"तुमची नोकरी जाईल, साहेब. तिकडे माणसं जातील."

छापखान्यातून निघालेले ओले अंक घेऊन आक्का स्वतः धावल्या. वस्तीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी बातमी मोठ्यानं वाचली, असं मी नंतर कचेरीत ऐकलं. घोळका पांगला. पण त्याआधी काही दगड सुटले होते. एका म्हाताऱ्या चांभाराचा उजवा हात मोडला, तो कायमचाच.

लोकांनी आक्कांचं कौतुक केलं. त्या मात्र रोज म्हणायच्या, "लाइन जरा लवकर लागायला हवी होती."

आता मी फडताळात धूळ खात पडलोय. तुमच्या खिशात माझी चपळ नातवंडं आहेत. मित्रांनो, त्यांच्यावर एखादी अफवा आली तर तिला तुमच्यापाशीच अडवून धरा. खरं शोधायला निघालेल्या माणसाला तेवढाच वेळ हवा असतो.